कलाकाराची श्रद्धांजली सभा : ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्या, कट्टे आणि मंडळांसाठी तयारीचा धागा

तलावपाळीकर

मोठा नट किंवा गायिका गेली की संध्याकाळपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर 'आपणही काहीतरी करू या' सुरू होतं. दोन दिवसांत सभा उरकते. फोटो ताणलेला, माईक शिट्ट्या मारतोय, अकरा वक्ते, आणि प्रत्येक जण 'माझी आणि त्यांची एकदा भेट झाली होती' यावर वीस मिनिटं. ज्याच्यासाठी जमलो त्याचं काम मात्र कुणी बघत नाही की ऐकत नाही.

म्हणून हा धागा. माझा एकच आग्रह आहे : सभेचा निम्मा वेळ त्या कलाकाराच्या कामाला द्या. नव्वद मिनिटांचा आराखडा असा बसतो :

परिचय ८ मिनिटं. त्यानंतर लगेच मौन २ मिनिटं. कामाचे तुकडे ३० मिनिटं, म्हणजे साठ ते नव्वद सेकंदांच्या सात क्लिपा आणि प्रत्येकीआधी तिच्याबद्दल दोन-तीन मिनिटं बोलणं. गाणी किंवा नाट्यवाचन १५. ठरलेले वक्ते चार, प्रत्येकी ५. प्रेक्षकांतून पाच जण, प्रत्येकी २. शोकप्रस्ताव ५. झाली नव्वद.

फुलं वाहण्यासाठी मधे वेळ ठेवू नका. दीडशे माणसं रांगेत उभी राहिली तर अर्धा तास जातो. सातची सभा असेल तर पावणेसातपासून फोटो दाराशी ठेवा, येणारा फूल वाहूनच आत येईल.

मौन शेवटी ठेवायची पद्धत आहे, पण मला ती पटत नाही. शेवटी लोक पिशव्या आवरत असतात आणि मागची रांग रिक्षासाठी निघालेली असते. मौन सुरू करणाऱ्याने हातात सेकंदकाट्याचं घड्याळ घ्यावं आणि संपल्यावर 'धन्यवाद, आसनस्थ व्हा' असं स्पष्ट म्हणावं. नाहीतर पन्नास सेकंदांनी कुणीतरी खुर्चीत बसतो, त्याच्यामागे सगळे.

बाकीचं जाणकारांनी भर घालावी.

बातमी_आधी_तपासा

सगळ्यात पहिली पायरी राहिली : माणूस खरंच गेलाय का?

विक्रम गोखले गेले २६ नोव्हेंबर २०२२ ला. पण २३ च्या रात्रीच त्यांच्या निधनाची बातमी सगळीकडे फिरली आणि कुटुंबाला ती नाकारावी लागली. झाकिर हुसेन यांच्या बाबतीत डिसेंबर २०२४ मध्ये तेच झालं. आधी बातमी, मग घरच्यांचा नकार, मग काही तासांनी खुद्द कुटुंबाचं निवेदन. धर्मेंद्र यांच्या निधनाची खोटी बातमी आली ११ नोव्हेंबर २०२५ ला, प्रत्यक्षात ते गेले २४ नोव्हेंबरला. तिन्ही वेळा माणूस रुग्णालयात अत्यवस्थ होता, म्हणून बातमी खरी वाटली. अशा वेळी सोसायटीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोकळं होणाऱ्यांना काय म्हणावं?

तपासायचं असं. कुटुंबाचं, रुग्णालयाचं किंवा कलाकाराच्या व्यवस्थापकाचं नाव घेऊन केलेलं निवेदन बातमीत आहे का ते बघा. 'सूत्रांनुसार' म्हणजे निवेदन नव्हे. पाच वाहिन्यांनी एकच ट्वीट दाखवलं तर ते पाच नव्हे, एकच स्रोत. विकिपीडियावर मृत्यूची तारीख चढली याला काही अर्थ नाही, ती कुणीही चढवू शकतं. लिंक उघडून बातमीची तारीख बघा, कारण स्मृतिदिनाच्या आसपास जुन्या बातम्या 'आत्ताच' म्हणून पुन्हा फिरतात.

नावं सारखी असतील तर फोटोही तपासा. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण गेल्या १० डिसेंबर २०२२ ला, अभिनेत्री सुलोचनादीदी ४ जून २०२३ ला. नुसत्या नावाने फोटो शोधला तर मूकपटांच्या काळातली सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स, हीही हाती लागते.

आणि मृत्यूचं कारण कार्डावर, फलकावर, परिचयात कुठेच लिहू नका. श्रीदेवी गेल्या तेव्हा (२४ फेब्रुवारी २०१८, दुबई) पहिल्या दिवशी सगळीकडे हृदयक्रिया बंद पडल्याचं आलं. नंतर दुबईच्या तपासात अपघाताने बुडून मृत्यू असं निघालं. तोवर लोकांचे फलक छापून झालेले.

कळव्याची_माई

तारखेचा एक बारकावा. झाकिर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत गेले, तिथे १५ डिसेंबर होता. भारतात कुटुंबाचं निवेदन पोचलं तेव्हा १६ उजाडला होता. स्मृतिदिन कोणता धरायचा?

बातमी_आधी_तपासा

जिथे मृत्यू झाला तिथली तारीख. १५ डिसेंबर.

घोडबंदर_रोड

सभा कधी घ्यायची? आमच्याकडे निम्मे म्हणतात तीन दिवसांत, निम्मे म्हणतात तेराव्यानंतर.

तिसरी_घंटा

दोन वेगळे कार्यक्रम करा ना. दोन-तीन दिवसांत क्लब हाउसमध्ये वीस मिनिटं : फोटो, फुलं, मौन, एक गाणं. भाषण नाही. लोकांना त्या आठवड्यात एकत्र बसावंसं वाटतं ते खरंच असतं, त्याला नकार देऊ नका. आणि मोठी सभा महिन्याभराने, तयारीनिशी.

महिना लागतोच, कारण सभागृह. गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृहाच्या तारखा नाट्यसंस्थांना आधीच वाटलेल्या असतात, सकाळ-दुपार-रात्र अशा सत्रांत. आज नट गेला म्हणून परवाची रात्र मिळेल हे विसरा. शनिवार-रविवार तर नाहीच. आठवड्यातली सकाळ किंवा दुपार मागितली तर शक्यता बरी. घाणेकरमध्ये मोठ्या सभागृहाशिवाय लघुप्रेक्षागृहही आहे आणि अशा सभेला तेच योग्य. दीडशे माणसं मोठ्या नाट्यगृहात बसली की सभा पडल्यासारखी दिसते.

त्याहून बरं म्हणजे नौपाड्यातलं सहयोग मंदिर, मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभागृह (संस्था १८९३ ची आहे, जुनी कात्रणं-पुस्तकंही तिथेच विचारता येतील) किंवा एखाद्या शाळेचा हॉल. नवी मुंबईकरांना वाशीत साहित्य मंदिर, आणि गर्दी खरंच मोठी असेल तर विष्णुदास भावे नाट्यगृह.

बुकिंगच्या अर्जात 'श्रद्धांजली सभा, विनामूल्य प्रवेश' असं लिहा. दर त्यावर ठरतो. सत्राची वेळ सुरू होते ती तुम्हाला चावी मिळाल्यापासून, सभा सुरू झाल्यापासून नव्हे. ध्वनी, पडदा, फोटो यांसाठी दीड तास आधी आत जायचं असेल तर तो दीड तास सत्रात धरा.

वाशी_पूल

मैदानात किंवा तलावपाळीला उघड्यावर केली तर?

तिसरी_घंटा

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी, आणि रात्री दहाला बंद म्हणजे बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, तिथे परवानगी मागूच नका. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि रस्त्याच्या नेहमीच्या रहदारीचा आवाजच याहून जास्त भरतो. पावसाळ्यात तर नादच सोडा.

चौकात श्रद्धांजलीचा फलक लावायलाही प्रभाग समिती कार्यालयाची परवानगी लागते. विजेच्या खांबावर, दुभाजकावर लावलेला बेकायदाच, त्यावर फोटो कुणाचाही असो. सोसायटीच्या फाटकाच्या आत लावा आणि विषय संपवा.

घूं_घूं_नको

ध्वनीबद्दल. या सभा बहुतेक इथेच फसतात.

दीडशे माणसांच्या हॉलला दोन स्पीकर पुरतात, बारा किंवा पंधरा इंची, स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. ते माईकच्या पुढे हवेत. माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजणारच, मग ऑपरेटर आवाज कमी करतो आणि मागच्या पाच रांगांना काही कळत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात स्पीकर ढकलू नका, आवाज घुमतो आणि शब्द विरघळतात.

माईक तीन ठेवा. पोडियमवर वायरचा एक, प्रेक्षकांत फिरवायला कॉर्डलेस एक, आणि कॉर्डलेस बंद पडणारच आहे असं समजून वायरचा आणखी एक. कॉर्डलेसमध्ये नव्या बॅटऱ्या घाला, 'कालच घातल्यात' चालणार नाही. ज्येष्ठ वक्ते हातातला माईक बोलता बोलता पोटापर्यंत खाली आणतात. त्यांना सांगून उपयोग नाही, स्टँड द्या. तोंडापासून चार ते सहा इंच. माईकची जाळी मुठीत धरली की पुन्हा शिट्टी.

लॅपटॉप मिक्सरला जोडला आणि 'घूंऽऽ' असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. उपाय दोन : लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा, किंवा मधे डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये बसणारी, हा आवाज थांबवणारी छोटी पेटी) लावा. साउंडवाल्याला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर तो आणतो, ऐनवेळी नसतो.

क्लिपा थेट यूट्यूबवरून लावू नका. मौन संपतं आणि प्रेशर कुकरची जाहिरात सुरू होते. फाइली आधीच तयार ठेवा, एमपी४ मध्ये, क्रमांक नावातच घालून : ०१, ०२, ०३. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि एक्सफॅट केला तर जुने प्रोजेक्टर आणि टीव्ही तो वाचत नाहीत. छोट्या क्लिपांना फॅट३२ च ठेवा. लॅपटॉपवर एक प्रत, पेन ड्राइव्हवर दुसरी.

जुन्या चित्रपटांची चौकट ४:३ असते. प्रोजेक्टर ती १६:९ मध्ये ताणतो आणि सगळे चेहरे रुंद दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन मूळ प्रमाण निवडा, बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. जुन्या हॉलमध्ये प्रोजेक्टरची वायर व्हीजीए असते आणि तिच्यातून आवाज येत नाही. जोडणीचा तुकडा बरोबर न्या.

सगळ्या क्लिपांचा आवाज आधीच एका पातळीवर आणा. १९६० ची पुसट ध्वनिमुद्रिका आणि २०२० ची मालिका एकापाठोपाठ लावलीत तर दुसऱ्या क्लिपला लोक खुर्चीतून उडतात. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलाइझ आहे, उणे १६ एलयूएफएस ठेवा सगळ्यांना.

आणि लॅपटॉपवर व्हॉट्सॲप बंद करा. बंद म्हणजे लॉग आउट.

ऐरोली_सेक्टर_आठ

यात आणखी एक घाला : तालीम. सगळी लोकं नकोत, फक्त निवेदक, लॅपटॉपवाला आणि साउंडवाला. कुठल्या शब्दावर कुठली क्लिप सुरू करायची ते निवेदकाच्या कागदावर लाल शाईने, आणि तोच कागद लॅपटॉपवाल्याकडे.

घूं_घूं_नको

+१. आणि तो कागद बारा पॉइंटात छापू नका. मंचावर उजेड कमी असतो, अठरा पॉइंट तरी हवा.

खिळे_जुळवणारा

फोटोचं मी लिहितो. वीस बाय तीस इंचाचा फोटो दीडशे डीपीआयने (इंचाला दीडशे ठिपके) छापायचा तर फाइल किमान ३००० बाय ४५०० पिक्सेलची हवी. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो मोठ्या बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसतो. म्हणजे त्याच आकारात जेमतेम ५३ डीपीआय. डोळ्यांच्या जागी चौकोन दिसतात ते यामुळे. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेलने.

मोठी फाइल मिळालीच नाही तर फोटो लहान छापा. बारा बाय अठरा, भोवती रुंद पांढरं पासपार्टू (पुठ्ठ्याची चौकट), छान दिसतो. एआयने 'स्वच्छ' केलेला फोटो वापरू नका, तो चेहरा बदलतो. दात नवे येतात, तीळ जातो. रसिकांना पहिल्या नजरेत कळतं.

काच नको, मॅट लॅमिनेशन घ्या. काचेत ट्यूबलाइट आणि फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब दिसतं. फोटो ईझलवर (चित्र ठेवायची तिवई), डोळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या किंचित खाली येतील अशा उंचीवर. हार घालायचा तर निशिगंधाचा, पातळ. झेंडूचा जाड हार कपाळावरून घसरतो आणि अर्धा चेहरा झाकतो. जांभळी नाक्याला सकाळी लवकर गेलात तर सुटी फुलं ताजी मिळतात, पाकळ्या मात्र आदल्या रात्री काढून ठेवू नका, काळ्या पडतात.

समई लावणार असाल तर एसीचा झोत कुठे येतो ते आधी बघा. बऱ्याच सभागृहांत ज्योत चालतच नाही, विचारून घ्या.

भूमिकेतला फोटो की साधा? साधा. खलनायकाच्या भूमिकेतल्या फोटोला हार घातलेला विचित्र दिसतो. भूमिका क्लिपांमध्ये येऊ द्या.

कायद्याचं_बोला

संगीताच्या परवानगीचा मुद्दा कुणी काढला नाही, तो कुणालाच नको असतो. तरी लिहितो.

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित, ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षं, दोन्ही पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. उदाहरण घ्या, लताबाईंचं 'ऐ मेरे वतन के लोगों'. १९६३ चं ध्वनिमुद्रण, त्याची मुदत २०२३ अखेर संपली. पण चाल सी. रामचंद्रांची, ते गेले १९८२ मध्ये, म्हणजे २०४२ अखेरपर्यंत हक्क. शब्द कवी प्रदीप यांचे, ते गेले १९९८ मध्ये, म्हणजे २०५८ अखेरपर्यंत. 'जुनं गाणं आहे, फुकट आहे' हे अर्धसत्य आहे ते असं.

व्यवहारात : सार्वजनिक सभागृहात सर्वांना खुल्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रित गाणं वाजवायचं तर ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस या हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा परवाना लागतो. काही कंपन्यांचे हक्क या दोघांकडे नसून तिसऱ्याकडे असतात, म्हणून आधी गाण्यांची यादी करा, मग विचारा. गायक प्रत्यक्ष गाणार, पेटी-तबल्यावर, तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच नाही, फक्त आयपीआरएस. कराओकेवर गाणार तर तो ट्रॅक हेही ध्वनिमुद्रणच, तेव्हा दोन्ही आले. जबाबदारी आयोजकाची, साउंडवाल्याची नाही.

सवलती प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये रहिवाशांसाठीच ध्वनिमुद्रण ऐकवणं, नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या उपक्रमात ऐकवणं, आणि हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग. म्हणजे क्लब हाउसमधली वीस मिनिटांची घरगुती सभा बसते त्यात. पण बाहेरचे लोक बोलावले, प्रायोजकाचा फलक लावला, की मामला बदलतो.

चहा_कट्टा

अहो काका, मेलेल्या माणसाला वाहिलेल्या श्रद्धांजलीलाही परवाना? कोण येणार आहे तपासायला?

कायद्याचं_बोला

माणूस नाही आला तरी फेसबुकचं यंत्र येतं. सभा लाइव्ह केलीत की गाणं सुरू होताच आवाज बंद, कधी कधी प्रक्षेपणच बंद. हॉलचा परवाना ऑनलाइनला लागू नसतो. म्हणून लाइव्ह करायचं तर फक्त भाषणं आणि वाचन दाखवा, गाण्याच्या आणि क्लिपांच्या वेळी कॅमेरा फोटोवर ठेवून आवाज बंद करा. घरी बसलेल्या ज्येष्ठांना तसं आधीच सांगा, नाहीतर ते टीव्ही दुरुस्तीवाल्याला फोन करतात.

नाटकाचा प्रवेश वाचणार असाल तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी घ्या. बहुतेक जण लगेच देतात, फक्त विचारलेलं त्यांना बरं वाटतं. अख्खा चित्रपट दाखवणं हे वेगळं प्रकरण आहे, त्याला निर्मात्याचा किंवा हक्कधारकाचा सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना हवा. ओटीटीचं स्वतःचं खातं लावून दाखवणं त्यात येत नाही.

कळव्याची_माई

निमंत्रणाबद्दल दोन गोष्टी. 'पद्मश्री अमुकतमुक' असं नावाआधी लिहू नका. पद्म हे पुरस्कार आहेत, पदव्या नाहीत. नावाच्या आधी-नंतर, पत्रिकांवर, फलकांवर ते लावायचे नाहीत असा नियमच आहे. परिचयात 'अमुक साली पद्मश्रीने सन्मान' असं म्हणा. दुसरं, दादासाहेब फाळके पुरस्कार. केंद्र सरकारचा एकच, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांबरोबर दिला जाणारा. फाळक्यांच्या नावाने खासगी पुरस्कारही बरेच आहेत. परिचयात कुठला मिळाला होता ते सरकारी यादीत बघूनच लिहा.

कलाकाराचा धर्म-रीत वेगळी असेल तर हार, समई, 'कैलासवासी' हे आपोआप करू नका. 'दिवंगत' सगळ्यांना चालतं. झाकिरभाईंचं दफन झालं. त्यांच्या फोटोशेजारी फुलदाणीत पांढरी फुलं आणि तबल्याची जोडी ठेवली तरी पुरे.

घरच्यांना बोलवायचं असेल तर एकानेच, एकदाच, आणि पहिले तेरा दिवस सोडून. ते आले तर भाषणाचा आग्रह नाही, शाल-श्रीफळ नाही, सेल्फी तर नाहीच. कडेची खुर्ची द्या, दाराजवळची, म्हणजे नको वाटलं तर उठून जाता येतं. आले नाहीत तर रिकामी खुर्ची मंचावर ठेवून 'त्यांची वाट बघतोय' असं नाटक करू नये.

कोपरखैरणे_लोकल

विनोदी नट असेल तर काय करायचं? लक्ष्मीकांत बेर्डे (१६ डिसेंबर २००४), प्रदीप पटवर्धन (९ ऑगस्ट २०२२), अतुल परचुरे (१४ ऑक्टोबर २०२४) यांच्या स्मृतिदिनाला क्लिपा लावल्या की लोक हसू दाबतात आणि हॉलभर अवघडलेपण पसरतं.

तिसरी_घंटा

निवेदकाने पहिल्याच क्लिपेआधी सांगायचं : 'हसा. मोकळेपणाने हसा.' हे कुणीतरी मंचावरून म्हटल्याशिवाय आपले लोक हसत नाहीत. शिवाय पहिली क्लिप सगळ्यात हमखास ठेवा, नुसता बरा विनोद चालणार नाही. एक रांग हसली की पुढचं काम होतं.

क्रम महत्त्वाचा. हास्याच्या क्लिपेला चिकटून मौन नको, रडणाऱ्या वक्त्याच्या पाठोपाठ विनोदी क्लिप नको. मधे एक वाचन घाला, दोन मिनिटांचं. आणि विनोदी नटांनी केलेलं एखादं गंभीर काम असतंच, ते चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ठेवा. लोक गप्प होतात आणि तो नट नव्याने दिसतो. विनोदाची क्लिप कापताना हशा संपेपर्यंत थांबा. विनोदाचं वाक्य झालं की लगेच कापलेली क्लिप मेलेली असते. समोरच्याच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया हाच अर्धा विनोद असतो.

टाळ्यांचं विचाराल तर कामाच्या तुकड्यांना टाळ्या वाजू द्या, भाषणांना नको.

मनमोकळे

कलाकाराचा मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर सभेची आखणी वेगळी लागते, हे कृपया सगळ्यांनी पाळा. पद्धत, जागा, चिठ्ठी यांबद्दल मंचावरून एक अक्षर नको. 'का केलं असेल' हा विषय नको, कारण त्याला एकच कारण कधी नसतं. 'अखेर सुटला' किंवा 'धाडस केलं' अशी भाषा नको. त्या कलाकाराच्या भूमिकेतला मृत्यूचा प्रसंग क्लिपांत नको. महिनाभर फाटकाशी फोटो आणि मेणबत्त्या ठेवू नका. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यांचा गाभा हाच आहे, आणि कारण भावनिक नसून सरळ आहे : अशा मृत्यूचं भडक, वारंवार वर्णन झालं की आधीच खचलेल्या माणसांना धोका वाढतो.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ निवेदकाने एकदा वाचावा आणि दाराशी लिहून ठेवावा. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलतात.

सोसायटीतल्या बारा ते अठराच्या मुलांवर लक्ष ठेवा. आवडता गायक गेल्याचं त्यांचं दुःख 'तो काय तुझा काका होता का' म्हणून उडवू नका. काही दिवस गाणी लावून बसणं ठीकच आहे. झोप, जेवण, शाळा दोन आठवड्यांनंतरही बिघडलेली राहिली तर समुपदेशकाकडे न्या. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचंही तेच. रोज रात्री मालिकेत दिसणारा चेहरा गेला की त्यांच्या दिवसातला एक तास मोकळा होतो. सभेला त्यांना आणायला-सोडायला कुणाची तरी नेमणूक करा.

घोडबंदर_रोड

आमच्याकडे एकांची सूचना आहे, सोसायटीतला राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवायचा.

कायद्याचं_बोला

नाही. ध्वज अर्ध्यावर आणायचा तो फक्त सरकारने दुखवटा जाहीर केल्यावर, सांगितलेल्या दिवसांपुरता. लताबाई गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला, तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला होता. अशा दिवशीही ध्वज आधी पूर्ण वर नेऊन मग अर्ध्यावर आणतात, आणि संध्याकाळी उतरवताना पुन्हा पूर्ण वर नेऊन मगच खाली. फोटोवर किंवा टेबलावर ध्वज अंथरणं हा तर गुन्हा आहे. पार्थिवावर तो फक्त शासकीय किंवा सैनिकी इतमामात घालतात, केशरी पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी देण्याआधी काढून घेतात.

कोपरखैरणे_लोकल

शोकप्रस्तावाचा नमुना कुणी देईल का? दरवेळी 'त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी' हेच येतं.

तलावपाळीकर

तीन परिच्छेद, मिळून दीडशे शब्दांच्या वर नको. पहिल्यात कोण, कधी, कुठे गेले आणि ही सभा कुणाची. दुसऱ्यात काम : दोन किंवा तीनच कामांची नावं, सालासकट, आणि प्रत्येकात काय वेगळं होतं ते एका वाक्यात. हाच परिच्छेद कुटुंब पुन्हा वाचतं, तो मोघम ठेवू नका. तिसऱ्यात सभेचा निर्णय.

साचा असा :

'ज्येष्ठ अभिनेते ______ यांचे दि. ______ रोजी ______ येथे निधन झाले. ______ येथील रहिवाशांची ही सभा त्यांना आदरांजली अर्पण करीत आहे. ______ (साल) मधील ______ या भूमिकेत त्यांनी ______. ______ (साल) मध्ये ______. सभा त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे. या प्रस्तावाची प्रत कुटुंबीयांना पाठवण्यात यावी, असे ठरले.'

अध्यक्ष आणि चिटणीस यांच्या सह्या, तारीख, ठिकाण. साध्या लिफाफ्यात टपालाने पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवणं म्हणजे पाठवणं नव्हे, त्या आठवड्यात त्यांचा फोन हजारो संदेशांनी भरलेला असतो.

'कुटुंबाला मदत' म्हणून फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका, सभेत तो दाखवूही नका. कुटुंबाने स्वतः जाहीर केलं असेल तरच, किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट.

खिळे_जुळवणारा

राहिलं ते कात्रणांच्या प्रदर्शनाचं. मूळ कात्रणं भिंतीला चिकटवू नका, लॅमिनेटही करू नका. वृत्तपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो, आणि लॅमिनेशन केलं की पुन्हा कधी सोडवता येत नाही. ३०० डीपीआयने स्कॅन करा आणि छापील प्रती लावा. दोन बाय तीन फुटांचे आठ फोम बोर्ड पुरतात. दीड मीटरवरून वाचता यावं म्हणून मजकूर छत्तीस पॉइंट. बोर्डावर तीनपेक्षा जास्त कात्रणं घालू नका, आणि प्रत्येकाखाली वृत्तपत्राचं नाव आणि तारीख. घरोघरून मूळ कात्रणं, जुनी तिकिटं, नाटकांच्या जाहिराती गोळा केल्यात तर मागे पेन्सिलने फ्लॅट नंबर लिहा. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला उमटतो.

वाशी_पूल

फोम बोर्ड भावे नाट्यगृहाच्या भिंतीला लावू देतात का?

तिसरी_घंटा

कुठल्याही नाट्यगृहात भिंतीला खिळा किंवा डबल टेप धरूनच चालू नका, रंग निघाला तर अनामत जाते. ईझल भाड्याने घ्या, आठ बोर्डांना आठ. आणि ते दाराच्या अगदी समोर नको. लोक तिथेच वाचत उभे राहतात आणि मागची रांग जिन्यावर अडकते.